तामसगडाच्या चाळीस तोफा

—नाही, नाही, वकारभाई, 'हल्ला' हा शब्द आधी खोडा बघू. हल्ला नव्हे, देखावा. दिवाळीचा देखावा. आता देखाव्याला इंग्लिशमध्ये काय म्हणतात ते मला काय ठाऊक, मी वॉचमन माणूस—ऑफिसातली पत्रं एवढी वर्षं तुम्ही लिहिताय, तुम्हाला एक शब्द सापडू नये? सापडेल, सापडेल. आधी बसा. त्या खुर्चीवर नको, तिचा एक पाय कधीच गेलाय, ह्या डब्यावर बसा. केबिन लहान आहे, पण एसी आहे, आणि समोर गेटचा दांडा दिसतो—गाडी आली की बटण दाबायचं, दांडा वर, गाडी गेली की दांडा खाली, बहरीनमध्ये सव्वीस वर्षं हेच. सुलेमानी चहा घेता? घ्या. आपल्या मुदीरने, मॅनेजरसाहेबाने, तुम्हाला पाठवलंय, बारा वाजेपर्यंत कागदावर एक नाव पाहिजे—काल संध्याकाळी आपल्या बिल्डिंगच्या पार्किंगच्या गच्चीवर स्फोट कोणी केले—बघा, मीपण स्फोट म्हणालो, स्फोट कसले हो, लवंगी फटाके—ते कोणी पेटवले, त्याचं नाव. नाव मिळालं की पोलिसांची फाइल बंद, खलास. आणि ज्याचं नाव त्याचा व्हिसा कॅन्सल, तेपण खलास. कळलं मला, तेवढं इंग्लिश येतं. सगळं सांगतो. पण मी बोलेन ते सगळं लिहीत सुटू नका. आधी ऐका, मग त्यातलं लिहिण्यासारखं काय ते बघू. आणि घड्याळाकडे बघू नका, साडेदहा तर झालेत.

तुम्ही राजापूरचे, तुम्हाला दिवाळीचा किल्ला म्हणजे काय ते सांगायला नको—दगडमाती रचायची, वर अळीव पेरायचे, हिरवंगार उगवून आलं की महाराजांना सिंहासनावर बसवायचं आणि पायरीपायरीला मावळे. पण मुदीरला हे लिहून सांगावं लागेल. लिहा की इंडियन लोकांचा सण आहे, मातीची खेळणी असतात, कोणाच्या जिवाला धोका नाही. आणि किल्ला मीच का केला, असं विचारलं तर सांगा, माणसाचं आडनावच किल्लेदार आहे. दाजी किल्लेदार, मुक्काम तामसखाडी, तालुका दापोली. कोपऱ्यावरचा मल्याळी दुकानदार मला 'मिस्टर किला' म्हणतो. आमच्या खाडीच्या तोंडाशी तामसगड, आणि अठराशे अठरा साली पेशवाई बुडाल्यावर इंग्रजांची गलबतं मुंबईहून आली, कोकणातले किल्ले एकेक करून घेत सुटली, तेव्हा तामसगडावर किल्लेदार कोण? तर आमचे बाळोजी. समुद्रातून तोफांचा भडिमार, आणि बाळोजी सहा दिवस झुंजले. सहा दिवस! हे मी सव्वीस वर्षं सांगतोय. तुम्हालाही सांगितलंय? तीनदा? बरं. लोकांनी मला काय काय म्हणून हाक मारली इथे—वॉचमन, अरबीत नातूर, 'ए, गेट'—पण इथल्या मराठी मंडळाच्या कार्यक्रमात स्टेजवरून 'आमचे किल्लेदार' म्हणायचे. वर्षातून एक दिवस. तेवढ्यावर माणूस वर्षभर दांडा वर-खाली करू शकतो.

यंदा मंडळाने ठरवलं जलदुर्ग करायचा. मंडळाने म्हणजे जयेश साहेबांनी. तेच अध्यक्ष, अमवाजला राहतात, दारात पाणी, पाण्यात बोट. म्हणाले, "दाजी, नुसता किल्ला जुना झाला, आपण लाइव्ह करू. समुद्र, इंग्रजांची जहाजं, भडिमार, धूर. जागा तुझ्या पार्किंगच्या गच्चीवर, किल्ली तुझ्याकडेच असते ना?" असते. म्हणजे तेवढा गुन्हा माझा, तो लिहा. तीन आठवडे राबलो, वकारभाई. ड्यूटी संपली की वर. इथली माती किल्ल्याला धरत नाही, नुसती वाळू, उभी केली की खाली—मग गोणपाट सिमेंटच्या पाण्यात बुडवून बुरूज केले, एसीचं गळतं पाणी नळीने आणून अळीव जगवले, खाली मुलांच्या आंघोळीचा रबरी टँक, तो समुद्र. थर्माकोलची तीन जहाजं, करडा रंग. सखीरच्या एका लग्नवाल्याकडून धुराचं मशीन भाड्याने. दृष्ट लागावी असा किल्ला झाला हो. मी तर रोज सकाळी चहा घेऊन त्याच्याशेजारी बसायचो. आणि मग कमिटी आली बघायला. जयेश साहेबांनी विचारलं, शेवटी काय दाखवायचं? मी म्हटलं, शेवटी किल्ला पडतो. सहा दिवसांनी का होईना, पडतोच, साहेब, इतिहास आहे. त्यांची मुलगी भक्ती होती बरोबर, आठवीतली, तिला मराठी कळतं पण बोलते इंग्लिश—म्हणाली, "बट अंकल, देन हू वन?" झालं! जयेश साहेब म्हणाले, दिवाळीच्या किल्ल्यात इंग्रज जिंकलेत असं ऐकलंयस कधी? पाहुणे येणार, फोटो जाणार, आणि आपण हरायचं? मग कमिटीने मीटिंग घेतली, चिवडा खाल्ला, आणि ठराव करून इतिहास बदलला. इंग्रज तीन गोळे टाकणार, आणि मग किल्ल्यावरून चाळीस तोफा एकदम उडणार, तिन्ही जहाजं बुडणार. एकमताने मंजूर. दोनशे वर्षांपूर्वी ही कमिटी असती तर इंग्रजांची काय बिशाद होती!

आता चाळीस तोफा आणायच्या कुठून? मी प्लंबरकडून पाऊण इंची पाइपाचे तुकडे आणले, काळा रंग दिला, प्रत्येकात एकेक लवंगी माळ. लवंगी कुठून आल्या ते लिहू नका. कोणाच्या तरी बॅगेत चकलीच्या भाजणीखाली आल्या असतील, मी काय कस्टम्सवाला आहे? आणि तोफा मांडल्या. कशा मांडल्या? जशा मांडायच्या तशाच! जलदुर्गाच्या तोफांचं तोंड कुठे असतं? समुद्राकडे. टँक तर किल्ल्याला चारी बाजूंनी, त्यातून कळेना कुठली बाजू खरी, म्हणून मी म्हटलं, खऱ्या समुद्राकडे तोंड करू, शास्त्राला धरून होईल. कंपास आणून, दोरी लावून, चाळीसच्या चाळीस तोफा एका रेषेत. आता आपल्या गच्चीवरून समुद्र कुठल्या बाजूला? आणि त्या बाजूला, समुद्राच्या अलीकडे, काय आहे? हसा, हसा. आपल्या अख्ख्या जुफैर भागाला ठाऊक आहे काय आहे. परदेशी आरमाराचा तळ, करड्या बोटी, रोज बघतो मी. रोज बघतो, वकारभाई, आणि तीन आठवडे माझ्या एकदाही डोक्यात आलं नाही! कमिटीत चार इंजिनियर, एक शिपिंगवाला, त्यांच्याही नाही. आम्ही सगळे अठराशे अठरामध्ये होतो. साडेचारला रंगीत तालीम. करडी जहाजं, पांढरा धूर गच्चीच्या कठड्यावरून खाली, आणि चाळीस काळ्या नळ्या तळाकडे तोंड करून—फट फट फट फट! समोरच्या टॉवरमधून कोणीतरी फोन केला. आठव्या मिनिटाला चार गाड्या आणि एक बंब.

कमिटी? कसली कमिटी! तामसगडाला दोनच दरवाजे होते हो, पण आपल्या पार्किंगला तीन जिने आणि दोन लिफ्ट, पळती भुई थोडी झाली. इंग्रज आल्यावर इतकी चपळाई आमच्या पूर्वजांनीसुद्धा दाखवली नव्हती. जयेश साहेब तर फेट्यासकट पळाले, पुढे कोणाला दिसले नाहीत, बेसमेंटमध्ये फक्त फेटा सापडला. साडेपाचपर्यंत व्हॉट्सअॅपवर ग्रुपच नाही. 'तामसगड लाइव्ह', एकशे बारा माणसं—जयेश साहेबांनी डिलीट केला. मला वेगळा मेसेज, थांबा, दाखवतो—'दाजी, यू आर अवर किल्लेदार, होल्ड द फोर्ट'—खाली ते फुगवलेल्या दंडाचं चित्र असतं ना, ताकदीचं, ते. गच्चीवर उरलो मी, आणि—मीच उरलो. तो पोलीस ऑफिसर बिचारा सभ्य माणूस. धूर निवला, त्याने वाकून बघितलं, मावळ्याला बोटाने उभं केलं. हिंदी येतंच इथे सगळ्यांना. म्हणाला, "ये क्या?" मी म्हटलं, "किला, साब. अंग्रेज का शिप आया, तोप मारा." तर तो म्हणाला, "हमारा भी. उधर मुहर्रक साइड. अंग्रेज शिप आया, किला खलास." दीडशे वर्षं झाली म्हणाला, इथल्या शेखांच्या भांडणात इंग्रज पडले आणि समुद्रातून किल्ला फोडला. मग आम्ही दोघं उभे, दोन किल्लेवाले. त्याने मोबाइलवर फोटोसुद्धा काढला, पुराव्याचा नाही, स्वतःसाठी, मुलीला दाखवायला. आणि मला काय आठवलं सांगू? तुमचे खापरपणजोबा! तुम्हीच सांगता ना कौतुकाने, मुंबईहून इंग्रजांच्या बोटीवर खलाशी होते, आखातात यायचे, बसऱ्यापर्यंत जायचे. मग त्या बोटींवर दोर ओढायला, तोफेत दारू ठासायला कोण होतं? विलायतेहून थोडेच सगळे आणले होते? म्हणजे इथलाही किल्ला फोडायला हात आपलेच, आणि—नाही, रागवू नका, मस्करी केली. तुमचा खलाशी पोटासाठी गेला होता. आमच्याकडे काय सोनं लागलंय ते मला ठाऊक आहे.

हां. पेटवल्या कोणी. तिथेच येतोय. लिहा—ठिणगी पडली. धुराच्या मशीनला शॉर्ट सर्किट झालं, ठिणगी उडाली, वात पेटली. नाही चालणार? चाळीस वाती एकदम कशा पेटतील, असं मुदीर विचारेल? विचारेल, तो नेमका तिथेच विचारेल. मग लिहा, जयेश साहेबांनी पेटवल्या. नको, त्यांचे वकील येतील, ते तेव्हा अमवाजला बोटीत होते असं दहा माणसं सांगतील. बरं मग लिहा, कोणी पेटवल्या ते दिसलं नाही, धूर होता. धूर खरंच होता हो, मला समोरचं काही दिसत नव्हतं, फक्त तिचा आवाज आला, "दाजीकाका, ही वात ओली आहे, दुसरी पेटवू का—"

ती कोण? कोणी नाही. ती म्हणजे... तशी म्हण असते आमच्यात. वकारभाई, पेन खाली ठेवा. ठेवा म्हणतो ना. नाव ऐकलं नाहीत तुम्ही अजून, मी सांगितलेलं नाही. तुम्ही ओळखलंत? कसं ओळखलंत? हो, मला काका म्हणणारी इथे एकच आहे. शेवंती. आमच्याच तालुक्यातली. अमवाजला एका घरी स्वयंपाक-धुणं-भांडी, आठवड्यातून शुक्रवार सुट्टी, आणि तो शुक्रवारसुद्धा मंडळाने घेतला—तीनशे करंज्या तळून घेतल्या तिच्याकडून, आणि वर नऊवारी नेसवून बाळोजींची बायको केली, का? तर कमिटीतल्या बायकांना उन्हात उभं राहायचं नव्हतं. आणि तोफा पेटवायची वेळ आली तशी कोणी अगरबत्ती हातात घेईना. एकाचे कपडे खराब होतील, एकाला दमा. तेव्हा जयेश साहेब म्हणाले, "शेवंती, तू पेटव, तुला चुलीची सवय आहे." मी तिथे होतो. मी ऐकलं. आणि मी मावळे सरळ करत राहिलो. सगळे पळाले तेव्हा ती पळाली नाही, नऊवारीत पळता येईना, अगरबत्ती हातात तशीच. मी तिला पाण्याच्या टाकीमागे बसवलं आणि पोलिस गेल्यावर टॅक्सीत घालून दिली. तिचं नाव कागदावर गेलं तर तिच्या मालकीणबाई दुसऱ्या दिवशी तिकीट हातात देतील. धाकटी मुलगी दहावीला, मोठी नर्सिंगच्या दुसऱ्या वर्षाला. नवरा नाही. दोघींच्या फीचा आकडा मी तुम्हाला सांगायला नको, तुमच्या घरूनही कोणीतरी असंच आलं असेल कधी.

मला सांगा, किती वाजले? अकरा वीस. बरं. आता एक गोष्ट सांगतो, ती मंडळात कोणाला ठाऊक नाही, घरी बायकोलाही नाही. सहा दिवस नव्हते ते. तामसगड सहा दिवस झुंजला नाही. मी इथे यायच्या आदल्या वर्षी माळ्यावर एक पेटी सापडली, आत मोडी कागद. दापोलीहून मोडी वाचणारे एक मास्तर आणले, मनात म्हटलं पराक्रमाची सनद असणार. मास्तर वाचता वाचता थांबले. म्हणाले, दाजी, हा अर्ज आहे. बाळोजींनी इंग्रज सरकारला केलेला. पेन्शनसाठी! आणि त्यात पराक्रम काय लिहिलाय? 'अर्जदाराने दरवाजा आपल्या हाताने उघडला, त्यामुळे सरकारचा दारूगोळा फुकट गेला नाही.' तीन गोळे. वकारभाई, फक्त तीन. पहिला समुद्रात पडला, दुसरा फणसाला लागला, तिसरा स्वयंपाकघरावर. चवथ्याच्या आधी दरवाजा उघडला. सकाळी सुरू झालं ते जेवायच्या आत संपलं. नाव सोनुबाई आणि हाती कथलाचा वाळा! मी मास्तरांना कोंबडीचं जेवण घातलं, शपथ घातली, पेटी होती तिथे ठेवली आणि बहरीनला आलो. इथे मला कोण ओळखत होतं? पहिल्याच दिवाळीला कोणीतरी विचारलं, किल्लेदार म्हणजे काय हो, आणि माझ्या तोंडून निघालं, सहा दिवस. का सहा? काय माहीत. सात म्हटलं तर जास्त वाटलं असतं.

लाज वाटायची. सव्वीस वर्षं लाज वाटली मला त्या माणसाची. काल ती टाकीमागे बसली होती आणि मी पुढे पोलिसांशी बोलत होतो तेव्हा तो अर्ज सगळा आठवला, पाठ आहे मला. त्यात पुढे लिहिलंय, किल्ल्यात माणसं सत्तेचाळीस, त्यांतली लढणारी एकोणीस, बाकी बायका आणि पोरं. आणि तिसरा गोळा कुठे पडला? स्वयंपाकघरावर. मी इतकी वर्षं ते तीनच गोळे मोजत बसलो होतो, चवथ्याचा विचारच केला नव्हता. तो न पडलेला चवथा. पाळण्यात आमचा एक पूर्वज होता त्या दिवशी, नाहीतर मी इथे बसून तुमचं डोकं खायला जन्मालाच आलो नसतो. मग तो माणूस पळपुटा होता की काय होता, ते आता कमिटीने मीटिंग घेऊन ठरवावं, चिवडा खाऊन.

घ्या पेन. लिहा—दाजी किल्लेदार, वॉचमन, गच्चीची किल्ली त्याच्याकडे, किल्ला त्याने केला, तोफा त्याने मांडल्या, वाती त्याने पेटवल्या. एकट्याने. चाळीसच्या चाळीस? हो, चाळीसच्या चाळीस, उदबत्तीचा पुडा होता म्हणावं. घाबरलोय मी, वकारभाई. खोटं कशाला बोलू. दोन वर्षं काढायची होती अजून, घरावर स्लॅब टाकायचा राहिलाय. पण लिहा. आणि 'ठिणगी'वाला कागद फाडा, 'ती'वाला आधी फाडा. असे नका बघू माझ्याकडे. तुमचे डोळे भरले तर मला सही करता येणार नाही. कुठे करू, इथे? मराठीत चालेल ना? ओळखपत्राचा सीपीआर नंबर तुम्ही टाका, मला पाठ नाही. झालं. बघा, जेवायच्या आत.

कोण हॉर्न वाजवतंय? अरे वा, पांढरी गाडी. वळून बघू नका, जयेश साहेबच आहेत. धुराचं मशीन न्यायला आले असणार, भाड्याचं आहे, परत करायचंय. काच खाली केली बघा, हात करतायत—'दाजी, उघड!' हे बटण. हे दाबलं की दांडा वर. बाळोजींनी दार उघडलं, कारण आत बायकापोरं होती. आत्ता ह्या दांड्याच्या आत कोण आहे? तुम्ही आणि मी. आणि तो कागद मुदीरच्या हातात पडेपर्यंत तरी गेट माझंच आहे, हो की नाही? मग घाई कसली. वाजवू दे. चहा संपला ना तुमचा? यल्ला, चला, तुम्ही मागच्या जिन्याने जा, पावणेबारा झाले. मी बसतो इथे. सहा दिवस बसतो.